वेतन शासन देते, मग महाविद्यालयाचे शुल्क दरवर्षी का वाढते?

मांडवीकर

नमस्कार. माझी मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा भाचा त्याच महाविद्यालयात, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, बी.एस्सी. आयटीला आहे. यंदा प्रवेशाच्या दिवशी दोघांच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. मुलीच्या पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ या बाबीपुढे फक्त आठशे रुपये आहेत, पण खालची बेरीज नऊ हजारांच्या पुढे जाते. भाच्याची पावती एकतीस हजारांची आहे. घरी आल्यावर ट्रंकेतली माझी १९९३ सालची पावती काढली, तर तिच्यावर सात बाबी निघाल्या. मुलीच्या पावतीवर तेवीस आहेत, आणि त्यांतल्या ‘अश्वमेध’, ‘ई-सुविधा’, ‘आपत्ती व्यवस्थापन निधी’ यांसारख्या काहींचा अर्थ तिलाही सांगता आला नाही.

प्राध्यापकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते, हे मला ठाऊक आहे. इमारत संस्थेने पन्नास वर्षांपूर्वी देणग्यांतून बांधलेली आहे. मग दर वर्ष-दोन वर्षांनी हा आकडा चढतो तो नेमका कशापायी? कार्यालयात विचारले, तर ‘महागाई’ एवढेच उत्तर मिळाले. महागाई आम्हालाही कळते. पण खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी महाविद्यालये आणि विद्यापीठे स्वतः काय करतात, हे कोणी जाणकाराने सांगावे. शिवाय मुलींना शिक्षण मोफत झाल्याचे वाचले होते, ते आम्हाला का लागू झाले नाही, याचाही खुलासा झाल्यास बरे होईल.

हिशेबनीस

मांडवीकर, मी एका अनुदानित महाविद्यालयाच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काम करून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आपला शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. २०२४-२५ पासूनची संपूर्ण सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या, आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, अशा मुलींसाठी आहे. साधी बी.एस्सी. तिच्यात बसत नाही.

आता मूळ प्रश्न. आपण महाविद्यालयाला एक घर समजत आहात, पण त्या घरात तीन चुली आहेत. पहिल्या चुलीवर शासनाचे वेतन अनुदान शिजते. मंजूर पदावरच्या, मान्यताप्राप्त शिक्षकाचे आणि कर्मचाऱ्याचे वेतन उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून येते आणि थेट त्याच्या खात्यात जाते. त्यातला एक रुपयाही महाविद्यालयाला विजेच्या बिलाकडे वळवता येत नाही. दुसरी चूल वेतनेतर खर्चाची. वीज, पाणी, रसायने, काचसामान, छपाई, दुरुस्ती, इंटरनेट, लेखापरीक्षण आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीची सरबराई हे सगळे तिच्यावर शिजते. वेतनेतर अनुदान माझ्या उमेदीच्या काळात थोडेफार येई. पुढे ते इतके आटले की अंदाजपत्रकात त्या ओळीपुढे आम्ही शून्य लिहू लागलो. शिक्षण शुल्क आठशेवर थांबले, कारण ते शासन ठरवते आणि त्याला हात लावण्याची कोणत्याही सरकारची छाती होत नाही. त्यामुळे दुसऱ्या चुलीचे सरपण ‘इतर शुल्क’ या दाराने आत आले. आपल्या पावतीवरच्या तेवीस बाबी म्हणजे हे दार आहे. त्यांतल्या कित्येक रकमा महाविद्यालयात राहतही नाहीत. ‘अश्वमेध’ हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाचा निधी आहे. तो आणि त्याच्या सोबतच्या काही बाबी आम्ही गोळा करून विद्यापीठाकडे भरत असू. पालक मात्र आमच्या खिडकीशी भांडत.

तिसरी चूल आपल्या भाच्याची. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, हे सर्वांना आठवते. कमी लोकांच्या लक्षात येते ते असे की, १९९० नंतर तेच तत्त्व जुन्या अनुदानित महाविद्यालयांच्या आत शिरले. नवा अभ्यासक्रम हवा असेल तर घ्या, पण स्वयंअर्थसहाय्यित म्हणून घ्या. पद मिळणार नाही, वेतन मिळणार नाही. बी.एस्सी. आयटी, बीएमएस हे असे आले. तिथल्या शिक्षकाचे वेतन, संगणक, परवाने, विद्यापीठाचे संलग्नता शुल्क हे सर्व विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागते. आणि मी खोटे बोलणार नाही, तिथे उरलेल्या पैशांतून अनुदानित बाजूच्या छपराची गळतीही आम्ही थांबवली आहे. आपला भाचा आपल्या मुलीच्या प्रयोगशाळेचा काही भार उचलतो आहे. हे पावतीवर कुठेही छापलेले नसते.

महागाईबद्दल कार्यालयाने दिलेले उत्तर अर्धे खरे आहे. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन शिक्षकांना मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने, १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अनुदानित पदांचा बोजा शासनावर पडला, पण वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांना निदान काही वाढ द्यावीच लागली, आणि ती शुल्कातून आली. दुसरे उदाहरण जीएसटीचे आहे. बारावीपर्यंतच्या शाळेला सुरक्षारक्षक आणि साफसफाईच्या सेवेवर कर लागत नाही. पदवी महाविद्यालयाला त्याच सेवेवर अठरा टक्के कर द्यावा लागतो. शिक्षणावर कर नसल्यामुळे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. शिपायांची पदे निवृत्तीनंतर भरली गेली नाहीत, म्हणून कंत्राटदार आला, आणि कंत्राटदाराबरोबर कर आला.

खर्च कमी करण्याचे म्हणाल, तर जे खरोखर साधले ते असे. ग्रंथालयाने छापील नियतकालिके बंद करून ‘एन-लिस्ट’ घेतले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही सेवा अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला सहा हजारांच्या आतल्या वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके देते. पूर्वी एवढ्या पैशांत दोन परदेशी नियतकालिकेही येत नसत. रसायनांच्या खरेदीसाठी आम्ही शेजारच्या दोन महाविद्यालयांबरोबर एकत्र दरपत्रके मागवू लागलो, आणि अर्धसूक्ष्म पद्धतीने, म्हणजे रसायने अगदी थोड्या प्रमाणात घेऊन, प्रयोग करायला लागल्यावर आम्लांचा खर्च निम्म्याखाली आला. छतावर सौरऊर्जा बसवली. याउलट ज्याला बचत म्हणतात, पण जी नुसती ढकलाढकल असते, त्याचाही नमुना देतो. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या सकाळी ऑनलाइन येऊ लागल्या, तेव्हा विद्यापीठाची छपाई आणि वाहतूक वाचली. कागद, शाई आणि झेरॉक्स यंत्राची दुरुस्ती मात्र आमच्या खात्यावर पडली.

तासिकावाली

हिशेबनीस सरांनी चुलींचा हिशेब चोख मांडला आहे. पण सर्वांत मोठी बचत त्यांनी अर्ध्या वाक्यात उरकली, म्हणून मी लिहिते आहे. सर, शिपायांची पदे भरली नाहीत असे आपण लिहिलेत. शिक्षकांचीही भरलेली नाहीत. मे २०१७ मध्ये शासनाने पदभरती थांबवली. २०१८ च्या अखेरीस सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना आणि त्यांतल्याच न भरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली, पण दरम्यान निवृत्ती काही थांबली नव्हती. त्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही बसतो. मी सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झालेली आहे आणि नऊ वर्षे तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते आहे. जितके तास घेतले तितकेच मानधन मिळते. सुट्टीचे, परीक्षेचे आणि पर्यवेक्षणाचे दिवस त्यात धरले जात नाहीत. मागच्या वर्षी पहिल्या सत्राचे मानधन दुसरे सत्र संपत आले तेव्हा जमा झाले.

मांडवीकर, तुमच्या मुलीला शिकवणाऱ्यांपैकी किती जण पूर्णवेळ आहेत, हे तिला एकदा विचारा. शासनाच्या दृष्टीने एका पूर्णवेळ प्राध्यापकाच्या जागी मी आले की मोठी रक्कम वाचते. हा खर्च आवरण्याचा मार्ग म्हणून मोजला जातो, आणि तरीही तुमची पावती चढतच राहते, कारण वाचलेला पैसा तिजोरीत राहतो, महाविद्यालयात येत नाही. उलट महाविद्यालयाचा खर्च वाढतो. नॅकला पूर्णवेळ शिक्षकांचे प्रमाण दाखवायचे असते, म्हणून कित्येक संस्था स्वतःच्या निधीतून एखाद-दुसरा शिक्षक नेमतात, आणि त्याचे वेतन ‘विकास निधी’ नावाच्या बाबीतून जाते. शिक्षक नसल्याची किंमत पालक देतो आणि शिक्षकाची बचत शासन करते, असा हा उफराटा व्यवहार आहे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलेली गोष्ट इथे आठवते. कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्याचा पगारही वाढतो. शिक्षक, वैद्य, गवई यांच्या कामाला लागणारा वेळ तितकाच राहतो, पण त्यांचा पगार बाजाराबरोबर वाढवावाच लागतो, नाहीतर ती माणसे त्या व्यवसायात येणारच नाहीत. रसायनशास्त्रातले बंध आणि संकरण समजावायला माझ्या गुरूंना जितके तास लागत, तितकेच मला लागतात. म्हणजे चांगल्या शिक्षणाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वाढणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. आपल्याकडे मात्र पगारच गोठवून बॉमोलला हरवण्याचा प्रयोग सुरू आहे.

हिशेबनीस

बाई, आपले म्हणणे मान्य आहे. अधीक्षकाच्या खुर्चीवरून पद रिकामे राहिले की मलाही हायसे वाटत असे, कारण एक सेवापुस्तिका कमी होई. ही कबुली आज देतो. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. ‘विकास निधी’ प्रत्येक ठिकाणी वेतनाकडे जातो असे सरसकट म्हणू नये. आमच्याकडे तो इमारतीवरच खर्च होई आणि लेखापरीक्षक ते तपासून पाहत.

वाबाशकाठी

मी इंडियाना राज्यात राहतो. माझी थोरली मुलगी इथल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकली. हे राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ आहे, त्यामुळे इथला अनुभव या चर्चेला पूरक ठरेल, असे वाटते.

अमेरिकेतही शुल्कवाढीच्या मुळाशी बरीचशी हीच गोष्ट आहे, की पैसा कोणी द्यायचा ती बाजू पालटली. बहुतेक राज्यांना आपले अंदाजपत्रक कायद्याने समतोल ठेवावे लागते. मंदी आली की शाळा, तुरुंग आणि गरिबांचा आरोग्यविमा यांना फारसा हात लावता येत नाही. विद्यापीठाचे तसे नसते. त्याच्याकडे शुल्क नावाची दुसरी पिशवी आहे, हे आमदारांना ठाऊक असते, म्हणून कात्री तिथे चालते. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात राज्यातल्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क लावायचे नाही, हे तत्त्व लिहून ठेवले होते. त्याच राज्याच्या विद्यापीठाने राज्याचा निधी घटल्यावर नोव्हेंबर २००९ मध्ये एका फटक्यात बत्तीस टक्के वाढ मंजूर केली. २०२४-२५ मध्ये देशभरातल्या चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठांचे जाहीर शुल्क राज्यातल्या विद्यार्थ्यासाठी सरासरी ११,६१० डॉलर होते आणि बाहेरच्यासाठी ३०,७८० डॉलर. या दोन आकड्यांतली दरी लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. (जाहीर शुल्क आणि शिष्यवृत्ती वजा जाता प्रत्यक्ष भरलेले शुल्क यांतही मोठा फरक असतो, भारतातून अर्ज करणारे आईबाप नेमके तेच विसरतात.)

पर्ड्यूने २०१३ साली ठरवले, की शुल्क २०१२-१३ च्या पातळीवरच ठेवायचे. राज्याचे माजी राज्यपाल मिच डॅनियल्स तेव्हा नुकतेच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. राज्यातल्या विद्यार्थ्याचे शुल्क त्या वेळी वर्षाला दहा हजार डॉलरला आठ डॉलर कमी होते, आणि दहाहून अधिक वर्षे ते तिथेच राहिले. आधी अपेक्षित खर्च मांडून मग शुल्क ठरवण्याऐवजी शुल्क आधी ठरवले आणि खर्च त्यात बसवला. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची रचना बदलली, कार्यालयांनी नव्या खुर्च्या-टेबलांऐवजी जुनीच वापरली, खरेदी एकत्र केली.

तासिकावाली ताईंनी बचतीच्या आत डोकावायला सांगितले, म्हणून पर्ड्यूच्याही आत डोकावतो. हे गणित फर्निचरवर सुटले नाही. मुख्य परिसरातली विद्यार्थिसंख्या दशकभरात चाळीस हजारांच्या आतून पन्नास हजारांवर गेली, आणि तिच्यात तिप्पट शुल्क भरणारे बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी पुष्कळ होते. वर्ग आणि प्रयोगशाळा आधीच उभ्या होत्या, त्यामुळे वाढीव विद्यार्थ्यामागे खर्च कमी आणि उत्पन्न जास्त, असे ते जमले. त्याची झळ वसतिगृहांना लागली. खोल्या पुरेनात, तात्पुरत्या जागांत मुलांना ठेवावे लागले आणि गावातली भाडी चढली. माझ्या मुलीने चार वर्षांत शुल्कापोटी जे वाचवले, त्यातले बरेच शेवटच्या दोन वर्षांत घरमालकाला दिले. तरीही शुल्क आधी ठरवण्याची शिस्त मला मोलाची वाटते, कारण पालकाला प्रवेशाच्या दिवशीच चार वर्षांचा आकडा कळतो.

पवईकर

इथे आयआयटीचा दाखला अजून आला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. बी.टेक.चे वार्षिक शिक्षण शुल्क २०१३ मध्ये पन्नास हजारांवरून नव्वद हजार झाले आणि २०१६ मध्ये दोन लाख. त्या वाढीबरोबर अनुसूचित जाती-जमातींचे, दिव्यांग आणि एक लाखाच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेले विद्यार्थी यांना पूर्ण माफी मिळाली, तर एक ते पाच लाख उत्पन्नाच्या गटाला दोन-तृतीयांश. म्हणजे ज्याला झेपते त्याच्याकडून घ्या आणि ज्याला झेपत नाही त्याला सोडा, असा हा विचार आहे. त्याची मुळे जुनी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या न्या. पुन्नय्या समितीने १९९३ सालीच सुचवले होते, की संस्थांनी आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या चालू, खर्चाचा पंधरा टक्के भाग पाच वर्षांत आणि पंचवीस टक्के भाग दहा वर्षांत स्वतःच्या उत्पन्नातून उभा करावा.

२०१७ मध्ये केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून ‘हेफा’ ही वित्तसंस्था काढली. नव्या इमारतींसाठी पूर्वी अनुदान मिळे, आता कर्ज मिळते. व्याज सरकार भरते, पण जुन्या संस्थांना मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडावे लागते. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न म्हटले की त्यात विद्यार्थ्यांचे शुल्क आलेच. पाच लाख एक रुपया उत्पन्न असलेल्या कारकुनाच्या मुलाला यात कुठे बसवायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

मांडवीकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी नव्याने विचारतो. वाबाशकाठी यांनी सांगितलेली, आधी शुल्क आणि मग खर्च, ही रीत आपल्या विद्यापीठांना जमेल काय? आणि बाहेरचे विद्यार्थी घेऊन गणित सोडवणे आमच्या तालुक्याच्या ठिकाणी शक्य नाही, तर तिथे काय करावे?

हिशेबनीस

पहिल्याचे उत्तर असे, की अनुदानित बाजूला ती रीत नकळत लागू झालेलीच आहे. आठशेचा आकडा गोठलेला आहेच. फक्त त्याच्याभोवती बावीस बाबी उगवल्या. नुसते शिक्षण शुल्क गोठवून भागत नाही, एकूण बेरीज गोठवावी लागते, आणि ते करायचे तर वेतनेतर अनुदान परत सुरू करावे लागेल. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटले आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तेच सहा टक्के पुन्हा लिहिले गेले, यावरून काय ते समजावे.

दुसऱ्याचे उत्तर सोपे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात एका वर्गात अठरा मुले असतात आणि दिव्यांचे बिल साठ मुलांइतकेच येते. शेजारच्या महाविद्यालयांनी विषय वाटून घ्यावेत, एकाने भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा नीट चालवावी आणि दुसऱ्याने सूक्ष्मजीवशास्त्राची, हा मार्ग मला पटतो. काही महाविद्यालये एकत्र येऊन होणाऱ्या समूह विद्यापीठांच्या मागे तोच विचार आहे. मुंबईचे होमी भाभा आणि साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील ही त्या धर्तीची विद्यापीठे. पण कोकणात दोन महाविद्यालयांमध्ये पस्तीस किलोमीटरचा घाट आणि दिवसाला चार एसटी असतात, हेही विसरून चालणार नाही. २०२५ पासून ‘एक देश, एक वर्गणी’ या योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय संस्थांना खुली केली. असा एकत्रित सौदा रसायने, संगणक परवाने आणि विमा यांसाठी विद्यापीठ पातळीवर झाला, तर तो लहान महाविद्यालयांना अधिक उपयोगी पडेल.

तासिकावाली

आणि पदे भरावीत. त्या मागणीला घाट आड येत नाही.

मांडवीकर

काल पुन्हा महाविद्यालयात गेलो होतो. या वेळी ‘महागाई’ न विचारता प्रत्येक बाबीपैकी विद्यापीठाकडे किती जाते आणि महाविद्यालयात किती राहते, हे विचारले. अधीक्षकबाईंनी बसायला सांगितले आणि परिपत्रकाची प्रत समोर ठेवली. मुलीच्या तेवीस बाबींपैकी नऊ विद्यापीठाच्या निघाल्या. सुरक्षा आणि सफाईचे कंत्राट, वीजबिल आणि संस्थेच्या निधीतून नेमलेल्या तीन शिक्षकांचे वेतन या उरलेल्या रकमेतल्या सर्वांत मोठ्या ओळी होत्या. मुलीला विचारले, तेव्हा तिने बोटांवर मोजून सांगितले, की सात शिक्षकांपैकी चार तासिकेवर आहेत. तिला हे आधीपासून ठाऊक होते. मीच कधी विचारले नव्हते.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते आणि अंदाजपत्रक तिच्यापुढे येते, असे बाईंनीच सांगितले. त्या समितीत माझ्या वर्गातला एक माजी विद्यार्थी आहे. ‘विकास निधी’ची ओळ या वर्षी सातशेवरून अकराशे का झाली, हा प्रश्न त्याच्यामार्फत लेखी दिला आहे. बैठक गणपतीनंतर आहे.